गरम पाण्याचा टब आणि तापणारी मोटर

कॅनडातील कॅलगरी किंवा अमेरिकेतील मिनिआपोलिस यांसारख्या शहरांत जानेवारी महिन्यात बाहेरचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंश असणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा थंडीत घरामागच्या अंगणात, उघड्या आकाशाखाली, वाफाळणाऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेली माणसे तिथे पाहायला मिळतात. ज्यात ती बसतात त्याला हॉट टब म्हणतात. तिकडे स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांच्या अंगणातही तो दिसतो. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची ऊब ज्यांना आठवते त्यांना ही हौस फारशी परकी वाटणार नाही. फरक इतकाच की बंबात दोन-चार बादल्या पाणी असे आणि ते आंघोळीपुरते तापे. इथे सुमारे १४०० लिटर पाणी दिवसरात्र ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे असते. (या लेखातील सर्व अंश सेल्सिअसचे आहेत.)

टबाची रचना साधी असते. आत ॲक्रिलिकचे, मागून काचतंतूंनी बळकट केलेले मोठे भांडे. त्याभोवती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांची चौकोनी पेटी. भांडे आणि पेटी यांच्या मधल्या पोकळीत नळ्यांचे जाळे, विजेचा हीटर, आणि पाण्याचे झोत जोराने सोडणारा पंप व त्याची मोटर. वरून जाड झाकण. झोताची कल्पना रुजवली ती जकुझी बंधूंनी. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेल्या या कुटुंबाने आधी विमानाचे पंखे बनवले. १९२१ साली त्यांच्या विमानाला अपघात होऊन एक भाऊ दगावला, त्यानंतर ते पंपांकडे वळले. विहिरींसाठी त्यांनी काढलेल्या जेट पंपाची जातकुळी आपल्याकडच्या शेतकऱ्याला ओळखीची आहे. पुढे कँडिडो जकुझी यांनी संधिवाताने जखडलेल्या आपल्या मुलासाठी १९४०च्या दशकाच्या अखेरीस टबात ठेवायचा पंप तयार केला आणि १९६८ साली रॉय जकुझी यांनी झोतांचा आख्खा टबच बाजारात आणला. औषध म्हणून सुरू झालेली गोष्ट चैनीची झाली, ती अशी.

आता अडचण पाहू. हिवाळ्यातले विजेचे बिल हाती पडले की घरमालकाची नजर त्या पोकळीकडे जाते. तिथे काचलोकर कोंबली, फळ्यांना आतून फोमचे तक्ते लावले, फटी बुजवल्या, की उष्णता जाईल कुठे? बिल खरोखरच उतरते. पण उन्हाळा आला, झोत सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे झाली की पंप आपोआप बंद पडतो. तासाभराने पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. असे काही महिने चालते आणि एक दिवस मोटर जळते.

पाण्याला मानवलेली गोधडी मोटरला का मानवली नाही? उष्णतेचे नियम तर दोघांना सारखेच आहेत. आमच्या मते हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारण्याजोगा आहे. वहन, अभिसरण, प्रारण यांच्या व्याख्या पाठ असलेले विद्यार्थीही इथे थबकतात.

गोधडीचे काम काय?

गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो, पण ती काहीच देत नाही. बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळली तर बर्फ टिकतो. तेच गोणपाट माणसाने पांघरले तर त्याला ऊब मिळते. उष्णतारोधक पदार्थ उष्णतेची ये-जा मंद करतो, एवढेच त्याचे काम. ती पूर्ण थांबवणारा पदार्थ अजून कोणाला सापडलेला नाही.

इथे शब्दांबद्दल एक सूचना. इंग्रजीत उष्णता अडवणाऱ्या आणि वीज अडवणाऱ्या अशा दोन्ही पदार्थांना एकच शब्द आहे. मराठीत उष्णतारोधक आणि विद्युतरोधक असे दोन निराळे शब्द आहेत, हे बरेच झाले. या लेखात दोन्ही लागणार आहेत, कारण बाहेरच्या उष्णतारोधकापायी मोटरच्या आतल्या विद्युतरोधकाचा जीव जातो.

एखाद्या आवरणातून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, जितके वॅट निसटतात त्या संख्येला आपण सोयीसाठी ‘गळती-अंक’ म्हणू. मग हिशेब सोपा होतो: निसटणारी उष्णता म्हणजे गळती-अंक गुणिले तापमानातील फरक. आवरण जाड केले की गळती-अंक लहान होतो. सूत्रात तीन राशी आहेत. त्यांपैकी गळती-अंक आपण ठरवला. उरलेल्या दोहोंपैकी कोणती पक्की आहे आणि कोणती बदलायला मोकळी आहे, यावर सारे अवलंबून असते.

टबातील पाण्याचे तापमान पक्के असते. थर्मोस्टॅट ते ४० अंशांवर धरून ठेवतो. जितकी उष्णता निसटेल तितकीच हीटर भरून काढतो. गळती-अंक निम्मा केला की निसटणारी उष्णता निम्मी होते आणि बिल उतरते. मोटरची गोष्ट उलटी. तिच्यातून दर सेकंदाला किती उष्णता निघणार हे पंपावरच्या भाराने ठरलेले असते. भोवतालचे आवरण जाड केले म्हणून ती कमी उष्णता सोडणार नाही. म्हणजे इथे उष्णता पक्की आणि तापमान मोकळे. गळती-अंक निम्मा केला तर तेवढीच उष्णता बाहेर काढण्यासाठी तापमानातील फरक दुप्पट व्हावाच लागतो.

वर्गात सांगायला पाण्याच्या दोन टाक्या घ्याव्यात. दोन्हींच्या तळाशी भोक आहे. पहिलीत तरंगत्या बोंड्याची तोटी आहे. पातळी उतरली की ती तेवढेच पाणी सोडते. दुसरीत वरून एकसारखी धार पडते आहे. दोन्ही भोके अर्धी बुजवा. पहिल्या टाकीत पाण्याची बचत होते. दुसरीत पाणी चढत जाते आणि टाकी ओसंडते. पहिली टाकी म्हणजे टब, दुसरी म्हणजे मोटर.

पाण्याचा हिशेब

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच टब घेऊ. पाणी ४० अंशांवर, बाहेर उणे १०. फरक ५० अंशांचा. आकडे उदाहरणादाखल आणि सोयीस्कर पूर्णांकात आहेत, पण त्यांचे मान खरे आहे.

चारही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. पोकळीत नुसतीच हवा असेल तर दर चौरस मीटरला सुमारे ३ वॅट, म्हणजे बाजूंचा गळती-अंक २१. पन्नास अंशांच्या फरकाला १०५० वॅट निसटतात. दिवसाला सुमारे २५ युनिट वीज. आता पाच सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम लावला तर दर चौरस मीटरला अर्धा वॅट, गळती-अंक साडेतीन, आणि गळती १७५ वॅट. म्हणजे दिवसाला चार युनिटांच्या आसपास. बिल खरोखरच उतरते असे आम्ही वर म्हटले ते यामुळे.

मात्र फोमकडे वळण्याआधी झाकण पाहावे. उघड्या टबातून सर्वात मोठी चोरी बाष्पीभवन करते. ४० अंशांच्या पाण्याचा एक लिटर वाफ होऊन जाताना सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जातो. कोरड्या थंड हवेत एवढ्या पृष्ठभागावरून, वारा नसतानाही, तासाला तीन-चार लिटर पाणी उडू शकते. म्हणजे केवळ त्या वाटेने दोन ते अडीच किलोवॅट. आठ सेंटिमीटर थर्मोकोलचे घट्ट बसणारे झाकण घातले की बाष्पीभवन जवळजवळ थांबते आणि झाकणातून होणारे वहन ९० वॅटच्या आसपास राहते. झाकणाचे वेष्टण फाटून थर्मोकोलमध्ये पाणी मुरले की त्याचा रोधकपणा जातो. उचलताना झाकण पूर्वीपेक्षा जड लागले तर ते बदलण्याची वेळ झाली असे समजावे. झाकण पाणी पिऊन बसलेले असताना बाजूंना महागडा फोम चिकटवणे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीच्या फटी बुजवण्यासारखे आहे.

कॅलिफोर्निया राज्याने अशा टबांनी नुसते गरम राहण्यासाठी किती वीज घ्यावी यावर मर्यादा घातली. २००६ पासून लागू झालेल्या त्या नियमात ही मर्यादा पाण्याच्या आकारमानाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात ठेवली होती. शिक्षकांना हा दोन-तृतीयांश कुठून आला हे सांगायला नको. आकारमान लांबीच्या घनाने वाढते आणि पृष्ठफळ वर्गाने. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून. कायद्याच्या कलमात भूमिती अशी क्वचितच भेटते.

मोटरचा हिशेब

झोताच्या पंपाची मोटर २ किलोवॅट वीज घेते आणि तिची कार्यक्षमता ७५ टक्के आहे असे धरू. म्हणजे १५०० वॅट दांड्यातून पंपाकडे जातात आणि ५०० वॅट मोटरमध्येच उष्णता होऊन राहतात. पाण्यात गेलेल्या १५०० वॅटचे काय होते? पाणी घुसळले जाते, भोवरे उठतात, विरतात, आणि शेवटी त्या ऊर्जेचीही उष्णताच होते. जेम्स जूल यांनी १८४५ साली वजनाने फिरणाऱ्या पात्यांनी पाणी घुसळून जे दाखवले तेच इथे मोठ्या प्रमाणावर चालते. जूल यांना तापमानातली वाढ मोजायला अतिशय संवेदनशील तापमापी लागली. आपल्या टबात १४०० लिटर पाणी तासाला जवळजवळ एक अंशाने तापते. उत्तम रोधक असलेले टब उन्हाळ्यात हीटर बंद असतानाही ठरल्यापेक्षा अधिक तापतात ते याच कारणाने. ४० अंश ही अमेरिकेत सुरक्षित मानलेली वरची मर्यादा असल्याने ही केवळ गैरसोयीची बाब राहत नाही.

उरलेले ५०० वॅट मोटरच्या तांब्यात आणि लोखंडात तयार होतात. मोटरचे वजन १२ किलो धरले आणि उष्णतेला अजिबात वाट मिळाली नाही, तर ती मिनिटाला पाच-साडेपाच अंशांनी तापेल. म्हणून तिच्या मागच्या बाजूला पंखा असतो. पण बंद पेटीत हा पंखा तीच ती हवा फिरवत राहतो. डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसासारखी मोटर आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा घेते. त्यात तांब्याचा रोध शंभर अंशांच्या वाढीला सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तापलेली तार त्याच प्रवाहाला आणखी तापते.

गुंडाळीच्या तारांवर व्हार्निशाचा पातळ थर असतो. हाच तो विद्युतरोधक. मोटरच्या पाटीवर त्याचा वर्ग लिहिलेला असतो: बी वर्गाला १३० अंश, एफ वर्गाला १५५ अंश ही मर्यादा. हे आकडे ऐकून माणूस निर्धास्त होतो, पण त्यामागची बेरीज पाहावी. बी वर्गात भोवतालची हवा ४० अंश, मोटरची स्वतःची वाढ ८० अंश आणि गुंडाळीतल्या सर्वात तापलेल्या जागेसाठी १० अंश, असे मिळून १३० होतात. भोवतालची हवा ४० ऐवजी ५५ झाली की पूर्ण भारावर मर्यादा ओलांडली जाते. व्हार्निश काही लगेच वितळत नाही. ते लवकर म्हातारे होते. १९३० साली मॉन्टसिंगर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या संदर्भात एक ठोकताळा मांडला आणि तो मोटरलाही वापरला जातो. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की रोधकाचे आयुष्य निम्मे होते. पंधरा अंशांची वाढ म्हणजे आयुष्य एक-तृतीयांशावर. मोटर वीस मिनिटांनी थांबते ती तिच्यातल्या द्विधातू पट्टीमुळे. पट्टी तापून वाकते, मंडल तोडते, निवली की पुन्हा जोडते. हा बिघाड नव्हे, तो इशारा आहे. पट्टी बदलून किंवा वगळून पंप चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

रेषा कुठे ओढायची?

आता खरा प्रश्न. रोधक लावायचा हे ठरले. पण भांड्याला लावायचा की पेटीच्या फळ्यांना? मोटर दोहोंच्या मध्ये असते. रोधकाची रेषा मोटरच्या कोणत्या बाजूने जाते यावर तिचे भवितव्य ठरते. भांड्याच्या उघड्या भिंतीचा, म्हणजे पाणी आणि पोकळीतील हवा यांमधला गळती-अंक २८ धरू. उघड्या फळ्यांचा, पोकळी आणि बाहेर यांमधला, ७०. ज्यावर फोम चढेल त्याचा साडेतीन. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता समान ठेवून पोकळीतील हवेचे तापमान काढता येते. विद्यार्थ्यांनी हे समीकरण स्वतः मांडून पाहावे.

पहिली रीत, फोम भांड्याला. उन्हाळ्यात, बाहेर ३० अंश असताना, मोटर चालू असूनही पोकळी ३७ अंशांवर राहते. मोटर सुखात. पण बाहेर उणे १० असताना, पंप बंद असेल तेव्हा, पोकळी उणे ७-८ अंशांवर जाते. त्या पोकळीत पाण्याच्या नळ्या आहेत! गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळी फुटते. म्हणून या रीतीने बांधणारे कारखानदार नळ्याही फोममध्येच पुरून टाकतात आणि फक्त मोटरपुरती जागा मोकळी ठेवतात. मग कधी गळती झाली तर ती शोधायला फोम कोरत बसावे लागते.

दुसरी रीत, फोम फळ्यांना आतून. हिवाळ्यात पंप बंद असताना पोकळी ३४ अंशांवर राहते, नळ्या सुरक्षित. पंप चालू झाला की ५०. उन्हाळ्यात मात्र ५५ अंश, आणि त्याचा अर्थ आपण वर पाहिलाच. एक मौज लक्षात घ्यावी. या रीतीत मोटरला थंड ठेवण्याचे काम मुख्यतः टबातले गरम पाणीच करते. पोकळी पाण्यापेक्षा तापली की उष्णता भांड्याच्या भिंतीतून पाण्यात जाते, आणि तेवढे काम हीटरचे वाचते. मोटरची वाया जाणारी उष्णता इथे कामी येते.

तिसरी रीत म्हणजे उत्साही घरमालकाची. भांड्यालाही फोम, फळ्यांनाही फोम. अधिक म्हणजे अधिक चांगले, असा त्याचा हिशेब. आता ५०० वॅटना दोन्हीकडे साडेतीन-साडेतीनचाच मार्ग, एकूण सात. वाढ ७१ अंशांची. उन्हाळ्यात पोकळी शंभरच्या पुढे जाऊ पाहते. हिवाळ्यातही, मोटर न थांबता चालली तर, ८६ अंशांवर. तिथवर ती पोहोचत नाही, कारण पट्टी आधीच मंडल तोडते. मोटर दोन गोधड्यांच्या मध्ये सापडली आहे.

आमचा कौल, थंड प्रदेशासाठी, दुसऱ्या रीतीला आहे. पण तिला उन्हाळ्यात वाऱ्याची जोड हवी. किती वारा? ३० अंशांची हवा आत घेऊन ४० अंशांवर बाहेर सोडायची आहे. एक घनमीटर हवेला एक अंशाने तापायला सुमारे १२०० जूल लागतात. साधारण ४६५ वॅट काढायचे तर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा पुरते. एक लहान पंखा हे सहज करतो. खालच्या अंगाला एक झरोका, वरच्या अंगाला दुसरा, आणि पोकळी ठरावीक तापमानापुढे गेली तरच पंखा लावणारा थर्मोस्टॅट. थंड हवेचा झरोका मोटरच्या पंख्याजवळ असावा. एकच झरोका ठेवून भागत नाही. हवेला आत यायला आणि बाहेर जायला निरनिराळी वाट लागते, हे चुलीच्या धुराड्याला ठाऊक असलेले तत्त्व आहे.

हे झरोके हिवाळ्यात बंद व्हायलाच हवेत. तेवढीच हवा उणे १० अंशांवर आत येत राहिली तर पोकळी ७-८ अंशांवर उतरते आणि टबातून ९०० वॅट निसटू लागतात. रोधक नसताना १०५० निसटत होते. म्हणजे फोमचा जवळजवळ सारा खर्च त्या दोन भोकांतून उडून गेला. उलट हिवाळ्यात झरोके बंद आणि पोकळी उबदार असेल तर वीज गेली तरी सवड मिळते. झाकण व फोम चांगले असलेला टब तासाला ०.२ अंशापेक्षाही हळू निवतो. रोधक नसलेला पाऊण अंशाने. जानेवारी १९९८च्या हिमवादळात पूर्व कॅनडात कित्येक घरांची वीज अनेक दिवस गेली होती आणि फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये, जिथे अशा थंडीची कोणाला सवय नव्हती, तिथे घरोघरी नळ फुटले. अशा वेळी टबाच्या पाण्याला दिवस मिळतात, बारीक नळ्यांना मात्र फार थोडे तास, आणि तेही पोकळीत ऊब शिल्लक असेल तरच.

काही टबांत झोतात मिसळण्याची हवा या पोकळीतूनच घेतात. झोताच्या तोंडाशी पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि हवा आपोआप ओढली जाते. मोटरने तापवलेली हवा पाण्यात जाते आणि तिच्या जागी ताजी हवा पोकळीत येते. पंप चालू असेल तेव्हाच हे घडते, म्हणजे नेमके गरज असेल तेव्हा. आम्हाला ही युक्ती फार आवडते.

सामग्रीबद्दल दोन शब्द. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लोक मोठ्या विश्वासाने चिकटवतात. तो प्रारण परतवतो, पण त्याच्यापुढे हवेची पोकळी असेल तरच. दोन्ही बाजूंनी दाबून बसवला तर तो ॲल्युमिनियमच, म्हणजे उत्तम सुवाहक. काचलोकर मोटरजवळ मोकळी ठेवली तर तिचे तंतू पंख्यातून मोटरमध्ये ओढले जातात. फोम जळतो, म्हणून तो मोटरला आणि हीटरला टेकता कामा नये. आणि पाणी व वीज एका पेटीत असल्याने आत हात घालण्याआधी मुख्य खटका बंद करायचा, हे सांगायला हवेच.

वर्गात करण्यासाठी

किराणा दुकानातून एक मोठे खोके आणावे. त्यात जुन्या पद्धतीचा, तार तापणारा २५ वॅटचा दिवा आणि एक तापमापी बसवावी. तापमापीवर दिव्याचा उजेड थेट पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा करावा. दर पाच मिनिटांनी तापमान टिपावे. तासाभरात ते एका ठिकाणी स्थिरावते. मग खोक्याला आतून दोन सेंटिमीटर थर्मोकोल लावून पुन्हा तेच करावे. स्थिरावलेले तापमान खोलीपेक्षा किती वर आहे ते दोन्ही वेळा पाहिले की गळती-अंक काढता येतो: २५ भागिले ती वाढ. दिव्याची जोडणी शिक्षकांनी करावी, थर्मोकोल दिव्यापासून वीतभर दूर असावे, आणि प्रयोग चालू असताना कोणीतरी जवळ थांबावे.

नंतर दिवा काढून त्याच खोक्यात गरम पाण्याने भरलेला डबा ठेवावा आणि तो निवण्याचा वेग थर्मोकोलसह व थर्मोकोलशिवाय मोजावा. एकाच थर्मोकोलने दिव्याचे खोके अधिक तापले आणि डब्याचे पाणी अधिक वेळ गरम राहिले, हे मुलांच्या वहीत शेजारी शेजारी आले पाहिजे. शेवटी पुन्हा दिवा लावून खोक्याला फक्त खाली एक भोक पाडावे, मग फक्त वर, मग दोन्हीकडे. तिन्ही वेळचे आकडे आधी मुलांना अंदाजाने लिहायला सांगावेत. अंदाज आणि मापन यांतला फरक ‘फक्त वर’ या वेळी बहुधा सर्वात मोठा निघतो.

टबाच्या लहान अभिसरण पंपांपैकी काहींमध्ये पंख्याची भानगडच नसते. त्यांचा फिरता भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि ते चाळीस अंशांचे पाणी मोटरची उष्णता वाहून नेते. गरम पाण्याने मोटर थंड ठेवायची, हे ऐकायला विचित्र वाटते. पण ८०-९० अंशांच्या गुंडाळीपुढे चाळीस अंशांचे पाणी थंडच असते. आपल्याकडे कूपनलिकेत सोडलेल्या पाणबुडी मोटरची हीच व्यवस्था आहे. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली किंवा मोटर गाळात रुतली की तिच्या अंगावरून पाणी वाहत नाही. गाळ तिच्याभोवती गोधडीसारखा बसतो, उष्णता तेवढीच निघत राहते, आणि मोटर जळते. गावात रिवाइंडिंगचे दुकान असेल तर अशी उघडलेली मोटर विद्यार्थ्यांना दाखवावी. काळे पडून तारांवरून सुटलेले व्हार्निश बोटाने खरवडून पाहता येते, आणि शेजारी नव्या तारेचे रीळ असतेच.